मृगयेचें धनुष्य : धनुर्वेदांतील निवड आणि खानदेशी कामठा

गेल्या वर्षीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो मूळचा चोपडा तालुक्यांतला. तेथील कायद्याप्रमाणें ठराविक ऋतूंत, परवाना घेऊन, धनुष्यानें हरणाची शिकार करतां येते, व त्यासाठीं धनुष्य विकत घेण्याचें त्यानें योजिलें होतें. दुकानदारानें त्याच्यापुढें जीं धनुष्यें मांडलीं तीं सर्व चाकांचीं, व ताण कमीजास्त करतां येणारीं. त्यांतून कोणतें घ्यावें, किती ताणाचें घ्यावें, याविषयीं पांच जणांनीं पांच मतें दिलीं. तेव्हां त्यानें अर्धवट थट्टेनें मला विचारलें, "गुरुजी, आपल्या शास्त्रांत धनुष्य निवडण्याविषयीं कांहीं सांगितलें आहे काय?" चार ओळींत उत्तर देतां येईल असें मला वाटलें होतें. परंतु तो प्रश्न मला पोथ्यांतून उठवून सातपुड्याच्या पायथ्याशीं घेऊन गेला, आणि माझें स्वतःचें एक फार दिवसांचें मत टाकून देणें मला भाग पडलें. म्हणून त्या उत्तराचा विस्तार येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम त्या चाकांच्या धनुष्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील मिसूरी राज्याचा रहिवासी हॉलेस विल्बर अ‍ॅलन यानें तें शोधून काढिलें. त्यासाठीं १९६६ सालीं त्यानें पेटंटाचा अर्ज केला व १९६९ च्या अखेरीस तें त्यास मिळालें. या धनुष्याच्या दोन्ही टोकांस विकेंद्र चाकें, म्हणजे ज्यांचा आंस मध्यावर नाहीं अशीं चाकें, बसविलेलीं असतात, आणि त्यांवरून दोरी फिरते. साध्या धनुष्याची दोरी जों जों ओढावी तों तों ताण वाढत जातो व पूर्ण ओढीस तो सर्वांत अधिक होतो. चाकांच्या धनुष्यांत तो मध्येंच शिखरास पोंचतो व पुढें उतरतो. पूर्ण ओढीस हातावर त्याचा एक पंचमांश ते एक तृतीयांश एवढाच भार उरतो. त्यामुळें शिकाऱ्यास सावज नीट आडवें होईपर्यंत दोरी ओढून धरतां येते. शिवाय मळसूत्री खिळे फिरवून ताण, व चाकांची मांडणी बदलून ओढीची लांबी, हीं दोन्ही माणसाजोगीं करून घेतां येतात. ही लांबी काढण्याची तेथील रूढ रीति अशी : दोन्ही हात आडवे पसरावे, बोटाच्या अग्रापासून अग्रापर्यंतचें अंतर मोजावें, व त्यास अडीचानें भागावें. सत्तर इंच अंतर भरलें तर ओढ अठ्ठावीस इंच. पौंड आणि इंच बाजूस ठेविले तर या रीतींत आपल्या जुन्या ग्रंथकारांस परकें असें कांहींच वाटलें नसतें.

धनुर्वेदावरील जें वाङ्मय आज आपणांस उपलब्ध आहे त्यांत अग्निपुराणांतील २४९ ते २५२ हे चार अध्याय, वसिष्ठाच्या नांवावर असलेली धनुर्वेदसंहिता, आणि इ. स. १३६३ मध्यें रचलेल्या शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदप्रकरण हें मुख्य होय. वसिष्ठाच्या नांवावरील संहिता मी फार जुनी मानीत नाहीं. तिचीं पुष्कळ वचनें शार्ङ्गधराशीं जुळतात. परंतु ग्रंथ उत्तरकालीन असला म्हणून त्यांतील ज्ञान उत्तरकालीन ठरत नाहीं, हें पुढें दिसेल. या संहितेंत धनुष्यें दोन सांगितलीं आहेत : एक यौगिक, म्हणजे अभ्यासाचें, व दुसरें युद्धाचें. निवडीचा नियम असा कीं, धनुष्य आपल्या बाहुबलाच्या मानानें किंचित् उणें असावें. कारणही दिलें आहे. जो धनुर्धर स्वतःच्या धनुष्यानेंच पीडिला जातो त्याला लक्ष्य दिसत नाहीं. आपल्याकडे शिवधनुष्याची कथा घरोघर ठाऊक असल्यामुळें जड धनुष्य पेलणें म्हणजेच पराक्रम अशी समजूत होऊन बसली आहे. शास्त्रकार मात्र त्या मोहांत पडलेला नाहीं. अमेरिकेंतील जाणतेही हेंच सांगतात. धनुष्याचा हात आकाशाकडे न उचलतां, बसल्या जागीं, झटका न देतां जो ताण ओढवतो तोच शिकारीस घ्यावा. थंडीनें गारठलेल्या हातांनीं वरचढ धनुष्य ओढूं पाहणाऱ्याची हालचाल हरणास आधीं दिसते. तेथील कित्येक राज्यांनीं हरणासाठीं किमान ताण कायद्यानें ठरविला आहे, व तो बहुधा तीस ते चाळीस पौंडांच्या दरम्यान असतो. म्हणजे खालची मर्यादा सरकारनें घातली, आणि वरची ज्याची त्यानें ओळखावी.

आतां लांबी. अग्निपुराणांत चार हातांचें धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचें मध्यम व तीन हातांचें कनिष्ठ असें सांगून, कनिष्ठ तें नेहमीं पायदळाचें असें म्हटलें आहे. हा 'हात' कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. चोवीस अंगुळांचा हात धरला तर साडेतीन हात म्हणजे चौऱ्यायशीं अंगुळें होतात. आणि चरकसंहितेंत मनुष्याच्या शरीराची उंची ज्याच्या त्याच्या अंगुळांनीं चौऱ्यायशींच सांगितली आहे. मराठींत 'साडेतीन हात देह' म्हणतात तो हाच. तेव्हां मध्यम धनुष्य म्हणजे धारकाच्या उंचीचें, श्रेष्ठ त्याहून अर्धा हात अधिक, व कनिष्ठ अर्धा हात उणें, असा अर्थ मी करतों. माप शरीराशीं बांधलेलें आहे. बाजारांत तयार मिळणाऱ्या एका ठरीव लांबीशीं नव्हे. अलेक्झांडरच्या नौदलाचा नायक नेआर्कस याच्या आधारें आरिअनानें हिंदी पायदळाचें धनुष्य धारकाच्या उंचीएवढें असून त्याचें टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाच्या आधारानें तें ओढीत असत असें लिहिलें आहे. तें साडेतीन हातीच होय.

परंतु उंचीएवढें धनुष्य उघड्या मैदानांत ठीक. अंजन आणि साग यांच्या दाटींत, करवंदीच्या जाळींतून वांकून चालणाऱ्या शिकाऱ्यानें तें घेऊन काय करावें? माझ्या नोकरीचीं कांहीं वर्षें शिरपूर तालुक्यांत गेलीं. तेथें भिल्ल व पावरा मंडळींच्या घरीं जे कामठे मीं हातीं घेऊन पाहिले ते धारकाच्या स्वतःच्या हातानें तीन हातांच्या आसपास भरले. ग्रंथाच्या मोजणींत ते कनिष्ठ ठरतात. येथें 'कनिष्ठ' म्हणजे हीन असा अर्थ करण्याची चूक आम्ही पंडित मंडळी सहज करतों. पायीं चालणाऱ्याला तेंच योग्य, असें तर तो श्लोकच सांगतो.

याच वास्तव्यांत मला एक धडा मिळाला, तो सविस्तर सांगतों. वसिष्ठसंहितेंत वेळूच्या धनुष्याचे दोष दिले आहेत. वेळू अति जुना नसावा, कोंवळा नसावा, जळका नसावा, छिद्राचा नसावा. आणि 'ज्ञातिघृष्ट' नसावा. या शेवटच्या शब्दाचा अर्थ मी वर्षानुवर्षें 'भाऊबंदांनीं वापरून झिजविलेला' असा करीत असें, आणि दुसऱ्याचें वापरलेलें शस्त्र घेऊं नये असा त्यांत एक सदाचारही पाहत असें. एका विद्यार्थ्याचे वडील कामठ्यासाठीं वेळू तोडावयास निघाले असतां मी त्यांच्याबरोबर गेलों. बेटांतला एक सरळ, देखणा, मनगटाएवढा वेळू मीं दाखविला. त्यांनीं त्यावरून नुसता हात फिरविला व तो सोडून दिला. कारण विचारतां, सालीवर एका जागीं पडलेला फिकट, खरबरीत पट्टा बोटानें दाखवून ते म्हणाले, "हा शेजारच्याला घासला आहे. इथेंच मोडेल." वाऱ्यानें बेटांतले वेळू एकमेकांस घासतात. वेळूचें सर्व बळ त्याच्या सालीलगतच्या घट्ट तंतूंत असतें. तेथें चरा पडला कीं वांकवितांना तो नेमका तेथें फुटतो. ज्ञाति म्हणजे एकाच मुळापासून उठलेले बेटांतले सोबती, आणि घृष्ट म्हणजे त्यांनीं घासलेला! एकाच कंदापासून फुटलेल्या वेळूंस 'ज्ञाति' म्हणणारा मनुष्य बेटांत उभा राहिलेला होता; पाठशाळेंत बसून हा शब्द सुचणें शक्य नाहीं. माझ्या टिपणवहींत त्या दिवशींच मीं जुना अर्थ खोडला.

त्याच प्रकरणांत तीन, पांच, सात किंवा नऊ पेरांचें धनुष्य शुभ. चार, सहा व आठ पेरांचें वर्ज्य, असें आहे. विषम संख्येचें हें माहात्म्य नुसतें शकुनाचें असेल, असें प्रथम वाटतें. परंतु कामठा मुठीशीं धरून पाहिला म्हणजे दुसरेंही एक कारण संभवतें. पेरें विषम असलीं म्हणजे मधलें पेर बरोबर मुठींत येतें. पेर हें वेळूंतील सर्वांत ताठ स्थान, म्हणून न वांकणारा भाग जेथें हवा तेथें पडतो, व वर खालीं सारखीं पेरें राहून दोन्ही बाहू सारखे वांकतात. हा माझा तर्क आहे. ज्या थोड्या कामठ्यांचीं पेरें मीं मोजलीं त्यांत समपेरीही आढळले, हें येथें नमूद केलें पाहिजे. सातपुड्यांत कामठ्यास पसंत पडतो तो मानवेल. तो बहुधा भरीव असतो, व म्हणून चिरून निम्मा केला तरी त्यांत जाडी उरते. लांकडी धनुष्यास धामण चांगली. तिचें संस्कृत नांव धन्वन असून धनुर्वृक्ष असेंही तिला म्हणतात. झाडाचा उपयोग नांवांतच कोरलेला आहे.

दोरीविषयीं मला असाच दुसरा धक्का बसला. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत धनुष्याचीं द्रव्यें ताड, वेळू, लांकूड व शिंग अशीं चार देऊन दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू व स्नायु हीं सहा सांगितलीं आहेत. यांपैकीं मूर्वा सर्वांच्या परिचयाची. तिच्यावरून दोरीस मौर्वी हें नांव पडलें व मनुस्मृतींत क्षत्रिय बटूच्या मेखलेसही तीच सांगितली आहे. रुई व ताग यांचे तंतु चिवट आहेतच. पण वेळूची दोरी? जो वेळू वांकवावयाचा त्याचीच दोरी कशी होईल, हें मला कळत नसे, व पाठांत कांहीं बिघाड असावा असें मी धरून चाललों होतों. पाठ शुद्ध आहे. भिल्लांच्या कामठ्याची दोरी वेळूच्या सालीची पातळ, लांब पट्टीच असते. तिच्या दोन्ही टोकांस वळवून फांस केलेले असतात व ते धनुष्याच्या टोकांस अडकवितात. तागाची दोरी पावसांत भिजून लांबते. स्नायूची त्याहून अधिक. वेळूची पट्टी भिजली तरी फारशी हलत नाहीं, आणि तुटलीच तर शिकाऱ्याच्या कमरेला कोयता असतो व पुढच्या नाल्यांत वेळू असतो. शिंग, लांकूड व स्नायु सरसानें जोडून केलेलें शार्ङ्ग धनुष्य हें बळाच्या दृष्टीनें वेळूच्या धनुष्यापेक्षां सरस खरें. मुसलमानी अमदानींतील स्वारांची कमान ती हीच. पण आषाढ-श्रावणांत सरस सैल पडूं लागला म्हणजे तिचा राजेपणा संपतो. सातपुड्यांतल्या पारध्यानें ती न घेणें हें अज्ञान नव्हे, निवड आहे.

बाणांविषयींही तेंच. कौटिल्य बाणाच्या तोंडांचे छेदणारीं, भेदणारीं व ठोकणारीं असे प्रकार करून तीं लोखंडाचीं, हाडाचीं किंवा लांकडाचीं असतात म्हणून सांगतो. ठोकणारें लांकडी तोंड युद्धांत कशाला, असा प्रश्न मुलांनीं वर्गांत विचारला तर माझ्याजवळ उत्तर नसे. भिल्लांचा पोरगा बोथट लांकडी बाणानें पांखरूं पाडतो. पिसें रक्तानें भरत नाहींत व मांस फाटत नाहीं. मोठ्या सावजास चपटें लोखंडी पातें. माशासाठीं तर निराळीच युक्ति आहे : लांब टोंकदार, कांटेरी फाळ बाणाच्या दांड्यास सैल बसविलेला असतो व दोघांस दोरीनें जोडिलेलें असतें, मासा विंधला कीं फाळ सुटून त्याच्या अंगांत राहतो, दांडा पाण्यावर तरंगतो, आणि मासा कोठें गेला हें तो दाखवीत जातो. एक कामठा आणि तीन जातींचे बाण. ताण बदलतां येत नाहीं म्हणून बाण बदलावयाचा.

आतां त्या जुन्या मताकडे येतों. माझ्या पिढीच्या बहुतेक संस्कृत शिक्षकांप्रमाणें मीही असें शिकवीत आलों कीं धनुर्विद्या ही आश्रमांत व राजवाड्यांत वाढली आणि तेथून झिरपत झिरपत रानांत गेली. भिल्लांचा कामठा म्हणजे तिचें उतरलेलें, खुरटलेलें रूप. एकलव्याची कथा या मताचा मोठा आधार. द्रोणानें नाकारलें, एकलव्यानें मातीची मूर्ति केली, व तिच्यापुढें अभ्यास करून तो अर्जुनाच्या बरोबरीस आला. ही कथा मी भक्तिभावानें शिकविली. परंतु आदिपर्वांतच एकलव्याच्या बापाचें नांव हिरण्यधनु असें दिलें आहे व तो निषादांचा राजा आहे. ज्याच्या बापाच्या नांवांतच धनुष्य आहे त्या मुलाला प्रत्यंचा ओढावयास मातीच्या मूर्तीनें शिकवावें, हें मला कधीं खटकलें नाहीं, याचें आज नवल वाटतें. 'भिल्ल' शब्दाची व्युत्पत्तिही येथें लक्षांत घेण्याजोगी आहे. तामिळांत विल् व कानडींत बिल्लु म्हणजे धनुष्य, आणि त्यावरून धनुष्यवाले ते भिल्ल, असें पुष्कळ विद्वान् मानतात. मला ती व्युत्पत्ति संभवनीय वाटते.

अंगठ्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अंगठा कापून दिल्यावर एकलव्य बोटांनीं दोरी ओढूं लागला, पण पूर्वीची त्वरा राहिली नाहीं, असें महाभारतकार स्पष्ट सांगतो. कथा सांगतांना हा भाग आपण गाळतों. दोरी ओढण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक अंगठ्यानें ओढण्याची. तुर्क, मोगल इत्यादि घोडेस्वार आपल्या आंखूड शिंगी कमानीस ती वापरीत, व त्यासाठीं अंगठ्यांत दगडी किंवा हस्तिदंती वळें घालीत. दुसरी बोटांनीं ओढण्याची. भिल्ल याच तऱ्हेनें ओढतात, आणि एकलव्याच्या वंशजांनीं अंगठा लावावयाचा नाहीं असें त्याचें कारण सांगतात. शिरपूरकडील माझ्या वर्गांत एका मुलानें फळ्यापुढें येऊन तर्जनी व मध्यमा यांच्यामध्यें खडू धरून मला हें दाखविलें होतें. माझें आजचें मत असें आहे कीं, रानांतली बोटांची ओढ मूळचीच निराळी होती; राजवाड्यांतल्या लोकांस ती अपुरी वाटली, आणि 'यांचा अंगठा कोठें गेला?' या प्रश्नाचें उत्तर म्हणून ही कथा आकारास आली असावी. कथेचें दुःख यानें कमी होत नाहीं. फक्त विद्या कोणाची, याचा हिशेब बदलतो. ज्ञातिघृष्ट, वेळूची दोरी, लांकडी फाळ, बोटांची ओढ : ग्रंथांतलीं जीं स्थळें मला अडत होतीं तीं सर्व कामठ्यानें उलगडलीं, ग्रंथानें कामठ्याविषयींचें माझें एकही कोडें सोडविलें नाहीं. देणें कोणत्या दिशेनें झालें असावें, याचा निर्णय वाचकांनीं करावा.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ त जेम्स औट्रम यानें भिल्लांची पलटण उभारली व धरणगांव येथें तिचें ठाणें झालें. औट्रम स्वतः वाघांचा मोठा शिकारी, व रानांतील सोबतीनेंच त्यानें भिल्लांचा विश्वास मिळविला. पलटणींत कामठा गेला व बंदूक आली. पूर्वीं सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेला खाज्या नाईक १८५७ त उठला, व ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें मोठी लढाई झाली. १८७८ च्या शस्त्रकायद्यांत 'शस्त्र' शब्दाच्या व्याख्येंत तोफेबरोबर धनुष्यबाणही घातले गेले, आणि त्याच सालच्या जंगलकायद्यानें राखीव रानांतील शिकारीवर व मासेमारीवरही बंधनें आलीं. स्वातंत्र्यानंतर १९६९ त यावलचें अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें धनुष्यबाणांस सापळा व विष यांच्या पंक्तीस शस्त्र म्हणून बसविलें व शिकार बहुतेक सर्वस्वीं बंद केली. तें योग्यच झालें; उघड्या पडलेल्या सातपुड्यांत आतां मारण्यासारखें उरलें तरी काय होतें? पण इंग्रज साहेबांच्या बंदुकींनीं व सागाच्या ठेक्यांनीं जें संपलें त्याचा हिशेब कामठ्याच्या नांवावर लिहिला जातो, तेव्हां शिक्षकाच्या जातीस तें मुकाट्यानें ऐकवत नाहीं.

विद्यार्थ्याला मीं कळविलें तें एवढेंच : जो ताण सहज ओढवतो त्याहून दोनचार पौंड खालीं धनुष्य बांध, पसरल्या हातांनीं ओढ मोज, पहिला महिना आणखी हलक्या ताणावर अभ्यास कर, म्हणजे एकाच धनुष्यांत यौगिक आणि युद्धाचें अशीं दोन्ही होतील, व दुकानदाराच्या पुढ्यांत जोर दाखवूं नको. त्याच्या उत्तरांत त्यानें लिहिलें कीं त्याच्या आजोबांचा एक कामठा गांवीं माळ्यावर पडून आहे, व त्याची लांबी त्यानें भावाकडून मागविली आहे.

अशा कामठ्यांची नोंद होणें अवश्य आहे, कारण ते तोडणारे हात आतां थोडे उरले आहेत व होळीच्या नाचासाठीं केलेले कामठे दिखाऊ असतात. जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांतील वाचकांपैकीं ज्यांना असा जुना कामठा पाहावयास मिळेल त्यांनीं त्याची लांबी धारकाच्या हातानें व इंचांनीं अशी दोन्ही प्रकारें, पेरांची संख्या, मूठ पेरावर आहे कीं कांड्यावर, साल बाहेरच्या अंगास आहे कीं आंतल्या, दोरी कशाची आहे, आणि वेळू कोणत्या महिन्यांत व कोणत्या पक्षांत तोडिला, एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें. बेटांतून नाकारलेल्या वेळूंचीं कारणें विचारलीं तर तींही लिहावीं. धारकाचेच शब्द असावे.